मामांचा बिस्किटांचा डबा आणि स्वस्तातला स्कॅनर

बर्‍याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी दोघातिघांनी फोन करून विचारलं, सगळं बरं आहे ना? बरं आहे. गेले चार महिने मी एका पत्र्याच्या डब्यात डोकं घालून बसलोय, एवढंच.

डबा बिस्किटांचा, आमच्या थोरल्या मामांचा. आत बिस्किटं नाहीत. आत आहेत काळ्या-पांढर्‍या निगेटिव्ह. १२० रोलच्या चौकोनी २३० आणि ३५ एमएमच्या ४६ पट्ट्या. काही पतंगाच्या कागदात गुंडाळलेल्या, काही शाळेच्या हजेरीपुस्तकाची पानं चिकटवून केलेल्या पाकिटांत. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि कागद वाया घालवायचे नाहीत.

(पुढचा परिच्छेद घरच्या मंडळींना पाठ आहे. त्यांनी गाळला तरी चालेल.)

आजोळ आमचं उस्मानाबाद जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं. सास्तूरजवळचं गाव. आता लोहारा तालुका आहे, तेव्हा उमरगा होता. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. रात्री गणपती बोळवून लोक उशिरा झोपले आणि ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास ८ हजार माणसं गेली. आमची आजी गेली, धाकट्या मामी गेल्या. धाकटे मामा आणि त्यांचं दोन वर्षांचं लेकरू वाचलं. थोरले मामा बदलीमुळे उस्मानाबादेत भाड्याच्या खोलीत राहत होते. डबा त्यांच्या खाटेखाली होता, म्हणून तोही वाचला.

त्यानंतर मामांनी डबा उघडल्याचं कुणाला आठवत नाही. कॅमेराही हातात घेतला नाही. ते गेल्यावर मामींनी डबा माझ्यापुढे सरकवला. "तुला यातलं कळतंय म्हणं. ने. इथं राहिला तर रद्दीत जायचा."

मला यातलं काही कळत नव्हतं. पण धाकट्या मामींचा एकही फोटो घरात नाही, हे मला माहीत होतं. लग्नाचा आल्बम घरासोबत गेला. ज्या स्टुडिओने लग्नाचे फोटो काढले होते त्याच्याकडे नंतर चौकशी केली, तर जुन्या निगेटिव्ह त्याने चांदीसाठी किलोवर विकून टाकल्या होत्या. (फिल्मवरचं चित्र चांदीचंच असतं. अनेक स्टुडिओंच्या जुन्या निगेटिव्हचा शेवट असाच झालाय.) ते दोन वर्षांचं लेकरू म्हणजे माझा मामेभाऊ. आता तो बायकोमुलांसह पुण्यात असतो. डबा माझ्याकडे आल्याचं कळल्यावर त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग, "दादा, त्यात काही आहे का बघा की."

तर स्कॅनर शोधायला लागलो तो असा.

पण आधी थोडं विषयांतर करतो, कारण डबा चाळताना माझ्या मनात एक प्रश्न सारखा येत होता. आमच्या जिल्ह्याचे जुने फोटो आहेत तरी कुठे, आणि कशाचे?

फोटो आहेत. १९०१ साली फ्लीट या संशोधकाने आपलं तेर म्हणजेच ग्रीक-रोमन लेखकांचं तगर, असं सांगितलं. पाठोपाठ हेन्री कझिन्सने तेरची देवळं पाहून पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात सचित्र लेख लिहिला. त्याआधी जेम्स बर्जेसने धाराशिवच्या लेण्यांची नोंद केली होती. हैदराबाद संस्थानात तर सहाव्या निजामाचा दरबारी छायाचित्रकार होता लाला दीनदयाळ. त्याच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने जपून ठेवल्यात. म्हणजे कॅमेरा आपल्याकडे लवकर आला. पण तो लेण्यांकडे गेला, किल्ल्यांकडे गेला, निजामाच्या शिकारीला गेला. गावाकडे कशाला येईल? गावात बघण्यासारखं काय होतं?

गावाकडे कॅमेरे आले ते १९९३ च्या ऑक्टोबरात, जगभरातून, आणि तेव्हा गाव उरलं नव्हतं. आमच्या आजोळसारख्या गावांचे तुम्हाला कुठेही सापडणारे फोटो म्हणजे दगडांचे ढीग, चिता आणि डोक्याला हात लावून बसलेली माणसं. ५२ गावं पुढे नव्या जागी वसली. रुंद रस्ते, सरळ रांगा, जमिनीच्या हिशेबाने घरं: भूमिहीन आणि अडीच एकरांपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकर्‍याला ७५०. नव्या गावाचे नकाशे आहेत, ढिगार्‍याचे फोटो आहेत. उभ्या गावाचं काही नाही. तेरला रामलिंगप्पा लामतुर्‍यांनी एक एक मणी, एक एक मातीची बाहुली गोळा केली आणि त्याचं आज सरकारी संग्रहालय आहे. आमच्या गावाचं जे काही आहे ते या डब्यात, असं मला वाटायला लागलं. थोडं नाटकी वाटतं खरं, पण वाटलं.

असो. स्कॅनर.

पहिला प्रयोग घरातल्या प्रिंटर-स्कॅनरवर केला. काचेवर निगेटिव्ह ठेवली, झाकण लावलं, बटण दाबलं. काळा चौकोन आला. कारण साधं आहे, पण मला ते वाचून कळलं: कागद स्कॅन करताना उजेड खालून पडतो आणि परत येतो. निगेटिव्हच्या आरपार उजेड जावा लागतो, म्हणजे झाकणातही दिवा हवा. ज्याच्या झाकणात दिवा नाही तो कितीही महाग असो, या कामाचा नाही.

दुसरा प्रयोग शहरातल्या एका लॅबचा. चार पट्ट्या दिल्या. त्यांनी दिलेल्या फायली इतक्या छोट्या होत्या की मोबाइलवरच बर्‍या दिसाव्यात. उजेड-अंधार यंत्राने आपल्या मनाने ठरवलेला, त्यामुळे पांढरे पटके आणि पांढरं आभाळ सगळं एकच. आणि एक पट्टी बरोबर फ्रेमच्या मधोमध कापलेली. त्या दिवशी ठरवलं, डबा आता घराबाहेर जाणार नाही.

मग सुरू झालं वाचन. पन्नास माणसांची पन्नास मतं. त्यातून माझ्यापुरतं जे हाती लागलं ते सांगतो.

बाजारात छोटे डबीसारखे 'फिल्म स्कॅनर' मिळतात, सगळ्यात स्वस्त. आत स्कॅनर नसतोच, एक छोटा कॅमेरा असतो. साधारण ते फक्त ३५ एमएमचे असतात आणि निगेटिव्ह दाट असेल तर गोंधळतात. मामांच्या निगेटिव्ह दाट आहेत. मामा डेव्हलपर घड्याळ न बघता, मनाने मोजून वापरायचे. तो पर्याय गेला.

दुसर्‍या टोकाला निकॉनचे कूलस्कॅन. त्यांची तारीफ सगळेच करतात, पण निकॉनने ते बनवणं कधीच थांबवलं. जुने मिळतात ते महाग, आणि त्यांना जोडायचा संगणकही जुना शोधावा लागतो. शिवाय एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. अशा यंत्रातला उजेड टोकदार असतो, एका रेषेत जाणारा. चांदीच्या निगेटिव्हवरचा प्रत्येक ओरखडा त्या उजेडात उठून दिसतो. साध्या चपट्या स्कॅनरचा पसरट उजेड ओरखड्यांना जरा पोटात घालतो. पंचवीस वर्षं बिस्किटाच्या डब्यात घासलेल्या फिल्मला कुठला उजेड बरा, हे सांगायला नको.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे माझे पैसे वाचले. बर्‍याच स्कॅनरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, धूळ आणि ओरखडे आपोआप घालवतो. ते इन्फ्रारेड उजेडावर चालतं. रंगीत फिल्ममधून इन्फ्रारेड आरपार जातो, धुळीला मात्र अडतो. मग यंत्राला कळतं धूळ कुठे आहे. पण काळ्या-पांढर्‍या फिल्मवर चित्रच चांदीचं. चांदी इन्फ्रारेडलाही अडवते. यंत्राला वाटतं, हा पटकेवाला म्हातारा म्हणजे मोठासा धुळीचा कण, आणि ते त्याला पुसायला निघतं! तेव्हा काळ्या-पांढर्‍यासाठी त्या सोयीचे जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. धूळ हाताने काढायची. आधी ब्लोअरने फिल्मवर, मग माऊसने पडद्यावर. माझ्या चार महिन्यांतले तीन यात गेले.

उरले दोन. प्लस्टेकचा ऑप्टिकफिल्म ८१००, इन्फ्रारेड नसलेला, पण फक्त ३५ एमएमसाठी. आणि एप्सनचा व्ही ६००, २००९ साली आलेला चपटा स्कॅनर, झाकणात दिव्याची पट्टी, जिच्यात १२० रोल बसतो. पुढे व्ही ७०० आणि व्ही ८५० वगैरे मंडळी आहेत. त्यांच्यावर मोठी काचेची प्लेटही बसते, पण तिथे किंमत दुपटीपासून पुढे चौपटीवर जाते. माझ्याकडे काचेच्या प्लेटा नाहीत.

इथे डीपीआय नावाचं भूत आडवं येतं. व्ही ६००वर ६४०० लिहिलंय. स्वतंत्रपणे मोजणार्‍यांनी मोजलं तर खरा तपशील भरतो साधारण १५०० ते १६००. हे वाचून मी आधी चिडलो. मग कागद घेऊन बसलो. १६०० म्हणजे मिलिमीटरला ६३ ठिपके. १२०ची चौकोनी निगेटिव्ह ५६ मिलिमीटर, म्हणजे एका बाजूला साडेतीन हजार ठिपके. बाराएक इंची चांगला प्रिंट निघतो. गटाच्या फोटोत एखाद्याचं तोंड फिल्मवर दोन मिलिमीटर असेल, तर त्याला सव्वाशे ठिपके मिळाले. पासपोर्टएवढा चेहरा ओळखू येतो. मला याहून जास्त काय हवं होतं? डीपीआयचा हिशेब मी शेवटी तोंडांवर केला. तुम्हालाही तोच करा असं सांगीन.

पुण्यातल्या एका फोटोग्राफरकडून वापरलेला व्ही ६०० घेतला. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात.

चौकोनी निगेटिव्ह मामांच्या पहिल्या कॅमेर्‍याच्या, अ‍ॅग्फा क्लिक थ्रीच्या. बडोद्याला बनणारा साधा कॅमेरा, एका रोलवर बारा फोटो. मोठा प्रिंट परवडत नसे, म्हणून मामा रात्री खिडकीला घोंगडी लावून, लाल बल्बखाली निगेटिव्हएवढेच कॉन्टॅक्ट प्रिंट काढायचे. म्हणजे या फोटोंत काय आहे हे खुद्द मामांनीही कधी मोठं करून पाहिलेलं नव्हतं. मी पहिल्यांदा पाहत होतो.

निगेटिव्हच्या काठावरची छापील अक्षरं आधी भिंगातून वाचून घेतली, कारण स्कॅनरच्या होल्डरमध्ये ती झाकली जातात. काहींवर ओर्वो. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनच्या कारखान्याने हे नाव १९६४ मध्ये घेतलं, तेव्हा त्या निगेटिव्ह त्यानंतरच्याच. परकीय चलनाची तंगी, आयातीवर बंधनं, पण पूर्व जर्मनीशी व्यवहार रुपयात व्हायचा, म्हणून ती फिल्म आपल्याकडे यायची. काहींवर इंदू. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचं उत्पादन १९६७ ला सुरू झालं, म्हणजे त्या त्यापुढच्या. (तो कारखाना पुढे बंद पडला.) ज्या पाकिटांवर मामांनी काही लिहिलेलं नाही, त्यांची साल मी अशी काठावरून लावली.

एका पाकिटावर मात्र शाईने लिहिलंय: 'मृगाआधी, ६८'. फोटोत आमच्याच वाड्याचं माळवद. चार माणसं पांढरी माती पसरताहेत, एक बाई पाटी वर देतेय. दरवर्षी पावसाळ्याआधी हे काम असायचं. गेल्या वर्षीच्या थरावर नवा थर. मी पडद्यावर कडेकडेने सरकवत गेलो तर वळचणीला मातीची जाडी दिसली. खाली उभ्या पोराच्या गुडघ्याएवढी तरी. त्याखाली दोन-तीन फुटी भिंती, बाहेरून घडीव दगड आणि आत गोटे आणि चिखल. १९९३ नंतर इंजिनिअर लोकांनी अहवालांत हेच लिहिलं, की माणसं मारली ती जड माळवदांनी आणि चिखलात रचलेल्या दगडी भिंतींनी. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून, गळू नये म्हणून जे पिढ्यान् पिढ्या घातलं त्यानेच. फोटोतली माणसं हसताहेत. पाटी देणारी बाई आमची आजी आहे. मी तो फोटो बंद केला आणि त्या दिवशी पुढे काही केलं नाही.

नंतरच्या पाकिटांत बाकी सगळं गाव आहे. वेस, वेशीवर बसलेली वानरं, मारुतीचा पार, माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या, पेव उघडताना लांब उभी राहिलेली पोरं (आत कोंडलेली हवा असते म्हणून). १९७२ च्या दुष्काळातल्या अठरा फ्रेम आहेत: खडी फोडणार्‍या बाया, सुकडीसाठी ताटल्या घेऊन रांगेत बसलेली लेकरं. त्यांतली काही आता आजोबा आहेत. नव्या गावात प्रिंट घेऊन गेलो तेव्हा एकाने स्वतःला ओळखलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "भाचे, ह्यात आमचं घर दिसतंय का?" आजोळच्या गावात मी या वयातही सगळ्यांचा भाचाच. घर दिसत होतं, अर्धं. त्याने तेवढं अर्धं कापून द्यायला सांगितलं.

फिल्मचा एक त्रास सांगायला हवा, नवशिक्यांच्या उपयोगाचा. गुंडाळून ठेवलेली फिल्म सरळ होत नाही. काचेला टेकली की तेलकट पाण्यावर दिसतात तशी वर्तुळं चित्रात उमटतात. मी पट्ट्या कागदात घालून शब्दकोशाच्या चार खंडांखाली आठ-आठ दिवस दाबल्या. बर्‍यापैकी जमलं. आणि डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर थांबू नका, ती फिल्म विरघळायला लागलेली असते. आमच्या डब्यात दोन रोलना तसा वास होता. ते सगळ्यात आधी केले.

आता ३५ एमएम. मामांनी पुढे सेकंडहँड ३५चा कॅमेरा घेतला होता. रंगीत रोल धुवायला सोलापूरला द्यावा लागे. काळा-पांढरा घरी धुता येई. म्हणून १९९०-९२ लाही ते काळे-पांढरेच फोटो काढत होते. धाकट्या मामी असल्या तर याच पट्ट्यांत असणार. घरात सून आली ती १९८९ ला.

सदतिसाव्या पट्टीत, चौथ्या फ्रेममध्ये, गणपतीसमोर पोरांचा गट. मागे दाराच्या चौकटीत एक बाई उभी आहे, कडेवर लेकरू. पदर डोक्यावर, पण तोंड कॅमेर्‍याकडे. फिल्मवर ते तोंड भिंगाखाली पट्टी धरून मोजलं: एक मिलिमीटरही नाही, पाऊण म्हणा. व्ही ६००वर त्याला मिळाले पन्नासेक ठिपके. डोळे म्हणजे दोन डाग. कुणीही असू शकली असती.

मग स्वस्तातला शेवटचा उपाय केला. एका मित्राकडून डीएसएलआर आणि मॅक्रो लेन्स दोन दिवसांसाठी आणली. खाली पोरांचा ट्रेसिंगचा एलईडी पाट. रंगीत फिल्मला चांगल्या प्रतीचा उजेड लागतो, काळ्या-पांढर्‍याला कुठलाही पांढरा उजेड चालतो, हे आपलं नशीब. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून जुन्या एन्लार्जरचा निगेटिव्ह कॅरियर मिळाला होता, त्यात फिल्म ताठ बसली. कॅमेरा स्टँडवर उलटा, बरोबर समांतर (त्यासाठी फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि लेन्सचं प्रतिबिंब मधोमध आणायचं), पंखा बंद, टायमर. मिलिमीटरला अडीचशेच्या आसपास ठिपके. तोंडाला जवळपास दोनशे.

आता नाक दिसत होतं, कपाळावरचं कुंकू दिसत होतं. आणि कण, फिल्मचे स्वतःचे कण, वाळूसारखे. मी ओळखलं असं मला वाटलं, पण मला तसं वाटायला हवंच होतं, म्हणून कुणाला न सांगता प्रिंट घेऊन थोरल्या मामींकडे गेलो. नाव घेतलं नाही. म्हटलं, हे कोण बघा.

मामींनी चष्मा लावला, काढला, पदराने पुसला, परत लावला. तोंडाकडे त्यांनी फार पाहिलंच नाही. "डाव्या कडंवर घेतलंय," म्हणाल्या. "तिचं ते तसंच. उजव्या कडंवर म्हणून कधी घेतलं न्हाई लेकराला." मग बर्‍याच वेळाने, "आणि हे त्योच की."

प्रिंट मी टपालाने पाठवला नाही, पुण्याला जाऊन हातात दिला. मामेभाऊ दारात उभा राहूनच बघत होता. त्याची मुलगी मधे मधे उड्या मारत होती, मला पण, मला पण. बर्‍याच वेळाने म्हणाला, "दादा, अजून मोठा निघंल का?"

म्हटलं, नाही निघणार. फिल्मवर एवढंच आहे.

नऊ पट्ट्या अजून राहिल्यात. मित्राची लेन्स परत मिळाली की दिवाळीनंतर बसतो. सास्तूर, होळी, राजेगाव, माकणी भागातल्या कुणाकडे जुन्या गावच्या निगेटिव्ह असतील तर मला कळवा. स्कॅनर रिकामाच आहे, आणि पैसे घेणार नाही. फक्त पट्ट्या कापू नका.